बुटांपासून दोरापर्यंत : प्रस्तरारोहणाची पहिली खरेदी

प्रस्तरारोहण शिकायला लागल्यावर काही आठवड्यांतच स्वतःचे साहित्य असावे, अशी ओढ लागते. मलाही लागली होती. आवश्यक वस्तूंची यादी हाती आली, तेव्हा तिची बेरीज माझ्या आवाक्याबाहेरची निघाली आणि मी प्रत्येक वस्तू जिथे सर्वांत स्वस्त मिळेल तिथून घेण्याच्या मागे लागले. त्या घाईत घेतलेला एक हार्नेस (कमरेला व मांड्यांना बांधायचा, दोर जोडण्याचा पट्टा) एकदाही न वापरता फेकून द्यावा लागला. त्याविषयी पुढे लिहितेच. आज कोणी विचारले, तर मी एवढेच सांगते की स्वस्त काय मिळते हे शोधण्याआधी कोणती वस्तू कधी घ्यायची, हे ठरवावे. खरी बचत तिथेच होते.

माझ्या मते सुरुवात बुटांपासून करावी. दोर, हेल्मेट, हार्नेस हे सुरुवातीच्या काळात संस्थेकडून किंवा भाड्याने मिळू शकते आणि तपासून घेतल्यास चालतेही. भाड्याचे बूट मात्र अनेक पायांनी सैल केलेले असतात, त्यामुळे बोटभर रुंदीच्या कडेवर उभे राहताना पाय बुटातच फिरतो आणि आपल्याला मात्र वाटते की आपल्याला जमत नाही. शिवाय प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली कमी उंचीचे बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवाय मोठ्या दगडांवर चढणे, करायचे असेल, तर बुटांखेरीज स्वतःचे असे फारसे काही लागतही नाही.

बूट घेताना आकड्यावर विसंबू नये, कारण एकाच मापाचे दोन कंपन्यांचे बूट पायाला वेगवेगळे बसतात. दिवसभराच्या वावराने पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हा म्हणजे संध्याकाळी, मोज्यांशिवाय बूट घालून पाहावेत. बोटे टोकाला टेकलेली आणि किंचित वाकलेली असावीत, टाचेमागे पोकळी नसावी, आणि पाच-दहा मिनिटे उभे राहिल्यावर दाब जाणवला तरी कळ येऊ नये. बूट जितका घट्ट तितका चांगला, हा समज नवशिक्यांचे फार नुकसान करतो. दुखणाऱ्या पायावर कोणी विश्वासाने भार टाकत नाही. अस्तर नसलेले चामडे वापराने बरेच सैल होते, कृत्रिम कापड त्या मानाने फारच कमी. त्यामुळे चामड्याचा बूट सुरुवातीला थोडा अधिक घट्ट असला तरी चालतो. टोकाला खाली वळलेले, आक्रमक आकाराचे महागडे बूट पुढे झुकलेल्या कठीण भिंतींसाठी असतात. पहिला बूट सपाट तळाचा आणि जरा ताठ असावा. रबरही चार मिलिमीटरच्या आसपास जाड असलेले बरे, कारण सुरुवातीला आपण सगळेच पाय उचलून ठेवण्याऐवजी खडकावर घासत वर नेतो. माझ्या उजव्या बुटाचा अंगठ्याखालचा भाग डाव्यापेक्षा खूप लवकर झिजला, आणि त्या झिजेवरूनच माझा उजवा पाय घसटतो हे माझ्या लक्षात आले. तळाचे रबर झिजून बाजूच्या पट्टीपर्यंत पोहोचण्याआधी बदलून घेतले, तर तोच बूट बराच काळ साथ देतो. पट्टीलाच भोक पडू दिले, की खर्च वाढतो.

आता त्या हार्नेसविषयी. ओळखीच्या ओळखीतून एक वापरलेला हार्नेस अगदी कमी पैशांत मिळाला. तो स्वच्छ होता, फक्त रंग थोडा उडालेला होता. प्रशिक्षकांनी तो हातात घेऊन उलटा केला, दोर बांधण्याच्या जागेवर अंगठा फिरवला आणि तिथे उभी राहिलेली बारीक लव मला दाखवली. मग त्यांनी विचारले, ‘‘हा कोणत्या वर्षी बनला? कुठे ठेवलेला असायचा? गाडीच्या डिकीत बॅटरीजवळ कधी राहिला होता का?’’ मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. आतल्या चिठ्ठीवरची अक्षरेही पुसून गेली होती. त्यांनी कात्री मागवली आणि कंबरपट्टा माझ्यादेखत कापला, म्हणजे तो चुकूनही कोणाच्या कमरेला लागणार नाही. त्या क्षणी मला फार वाईट वाटले होते. नायलॉन उन्हातल्या अतिनील किरणांनी कमकुवत होत जाते आणि बॅटरीतल्या आम्लाने तर पार खराब होते, तेही अनेकदा वरून काहीच न दिसता, हे त्या दिवशी मला समजले. न वापरलेल्या कापडी साहित्यालाही उत्पादक सहसा जास्तीत जास्त दहा वर्षांचीच मुदत देतात.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. बूट, चॉकची (हातांना लावायच्या पुडीची) पिशवी, दोराची पिशवी, कपडे हे जुने जरूर घ्यावे. हार्नेस, स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास), दोर आणि हेल्मेट कधीही जुने घेऊ नये. कॅरॅबिनरसारख्या (दोर अडकवायच्या, उघडझाप होणाऱ्या कडीसारख्या) धातूच्या वस्तू जुन्या घ्यायच्या, तर ज्याच्यासोबत आपण स्वतः चढलो आहोत अशाच माणसाकडून.

मग नवा हार्नेस परवडायचा कसा? इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हार्नेससाठी ईएन १२२७७ हे युरोपीय मानक आहे, कॅरॅबिनरसाठी ईएन १२२७५, हेल्मेटसाठी ईएन १२४९२ आणि लवचीक दोरासाठी ईएन ८९२. यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची स्वतंत्र मानकेही आहेत. प्रमाणित असलेला सर्वांत साधा हार्नेस आणि त्याच्या कितीतरी पट किमतीचा हार्नेस, दोघांनाही तीच किमान ताकद सिद्ध करावी लागते. वरचे पैसे जातात ते प्रामुख्याने हलक्या वजनासाठी आणि आरामासाठी. म्हणून खात्रीच्या विक्रेत्याकडून, चिठ्ठीवर मानक छापलेला, साधाच हार्नेस निर्धास्तपणे घ्यावा. कंबरपट्टा नितंबाच्या हाडांच्या वर बसावा आणि खाली ओढला तरी निसटू नये. शक्य असेल तर दुकानातच त्यात काही मिनिटे लटकून पाहावे. साहित्य अडकवायच्या बाजूच्या कड्या माणसाचा भार पेलण्यासाठी नसतात, हे पहिल्याच दिवशी मनात पक्के करावे.

हार्नेसबरोबर नळीच्या प्रकारचे साधे बिले उपकरण (चढणाऱ्या जोडीदाराचा दोर सांभाळण्याचे साधन) आणि पेर फळाच्या आकाराचा एक स्क्रू-लॉक (आटे फिरवून बंद होणारा) कॅरॅबिनर घ्यावा. कॅरॅबिनरच्या पाठीवर कोरलेले आकडे वाचायला शिकावे. अशा कॅरॅबिनरला लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दोन टन भार सोसावा लागतो, पण आडव्या दिशेने अपेक्षा केवळ ७ किलोन्यूटनची असते. तो फिरून आडवा झाला नाही ना, हे पाहत राहण्याचे कारण हेच. ग्रिग्री हे १९९१ साली बाजारात आलेले बिले उपकरण आणि त्यानंतरची तशीच, झटका बसताच दोर पकडून ठेवणारी उपकरणे उत्तम आहेत, पण महाग आहेत. शिवाय कोणतेही उपकरण असले तरी ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात दोरावरून काढायचा नसतोच, आणि ती सवय साध्या नळीवर चांगली लागते. हेल्मेट कठीण कवचाचे घेतले तर थोडे जड, पण स्वस्त आणि टिकाऊ मिळते. चॉकवर जास्त विचार करू नये. जॉन गिल या जिम्नॅस्टने १९५० च्या दशकात मॅग्नेशियम कार्बोनेटची ही पूड प्रस्तरारोहणात आणली, आणि साधी पूडही तेच काम करते.

दोर सर्वांत शेवटी घ्यावा, आणि शक्य असल्यास नेहमीच्या जोडीदाराबरोबर मिळून घ्यावा. इथे एक मोह टाळायचा असतो. मीटरवर कापून मिळणारा स्थिर दोर स्वस्त असतो, पण तो रॅपलिंगसारख्या (दोरावरून खाली उतरण्यासारख्या) कामांसाठी असतो. लीड करताना, म्हणजे दोर खालून सोबत नेत पुढे चढताना, पडल्यावर तो पुरेसा ताणला जात नाही आणि सगळा झटका शरीराला व अँकरला (दोर बांधलेल्या खडकातल्या आधाराला) बसतो. लवचीक एकेरी दोराची चाचणी ८० किलोच्या वजनाने होते. त्याने असे किमान पाच आघात सोसावे लागतात आणि पहिल्या आघाताचा झटका १२ किलोन्यूटनपेक्षा जास्त असून चालत नाही. दहा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा दोर नवशिक्यासाठी बरा, कारण तो हातात नीट धरता येतो आणि लवकर झिजत नाही. तो आपल्या बिले उपकरणावर लिहिलेल्या जाडीच्या मर्यादेत बसतो ना, हे आधी पाहावे. लांबी चढाईच्या दुपटीहून अधिक हवी, आणि मोकळ्या टोकाला गाठ मारलेलीच असावी.

आमच्या दोराची एक वही आहे. प्रत्येक चढाईनंतर तारीख आणि मोठे पडणे त्यात लिहितो, आणि दोर गोळा करताना तो हातभर-हातभर बोटांतून सरकवत, जागोजागी दुमडून पाहतो. निरोगी दोराचा दुमडलेला भाग गोल कमान धरतो. आतला गाभा खराब झाला असेल, तर तो चपटा पडतो. मागच्या महिन्यात टोकापासून दीड मीटरवर तसा भाग हाताला लागला. आम्ही तेवढा तुकडा कापला, मध्यखूण आता मध्यावर राहिलेली नाही हे लक्षात घेऊन दुसऱ्या टोकाकडूनही तेवढाच कापला, आणि नवी लांबी वहीत व दोराच्या दोन्ही टोकांवर लिहिली.