तुम्ही विचारलंत म्हणून: काका, गडसंवर्धनाच्या मोहिमेला का येत नाही?

पावसाळा संपला की कुणीतरी विचारतंच. काका, तोफांचं एवढं वेड तुम्हाला, मलिक-ए-मैदान तोफ बघायला सहा वेळा विजापूरला गेलात, मग आपल्या गडावरच्या तोफेला गाडा बसवायला का नाही येत? पुढचं कुणी तोंडावर बोलत नाही, पण कानावर येतंच, की काकांना आदिलशाहीची तोफ चालते, आपली नाही.

आधी हेच घ्या. ती तोफ ओतली 1549 ला आपल्या अहमदनगरात, निजामशाहीसाठी. विजापूरला गेली 1632 ला, मुरार जगदेवांनी परांड्याहून नेली. वजन 55 टनांच्या आसपास. आम्ही दीड टनाची तोफ वीस फूट सरकवायला चेन पुली, पहारी आणि चाळीस माणसं लावली होती, तरी अख्खी दुपार गेली, त्यामुळे तो परांडा ते विजापूर रस्ता माझ्या डोक्यातून जात नाही. तोंडाशी सिंहाच्या जबड्यात सापडलेला हत्ती, आत माणूस वाकून बसेल एवढी नळी, म्हणून जातो. झालं?

आता खरं कारण. किल्ल्याचं नाव सांगत नाही, कोकणातला आहे एवढं पुरे.

तटाखाली चिखलात अर्धी गाडलेली तोफ होती, ओतीव लोखंडाची, इंग्रजी बनावटीची. बाहेर काढली त्या संध्याकाळी ऊन तिरकं पडलं होतं आणि एका पोराने सहज मोबाईलवर फोटो काढला. सकाळी मीच म्हणालो चला, साफ करून घेऊ, दुपारी पाहुणे येणार होते, सागवानी गाडा तयार होता, नारळ आणून ठेवले होते. ड्रिलला वायर ब्रशची वाटी लावली, जनरेटर चालू केला आणि पहिला हात मीच मारला, दुसऱ्या कुणाला देईना, कारण मला येत होतं ना सगळं! वीस मिनिटं. गंजाचे पापुद्रे उडत होते आणि पोरं टाळ्या वाजवत होती. मग रेड ऑक्साइड, त्यावर काळा ऑइल पेंट. काय चकाकत होती.

आठवड्याने तो फोटो घरी मोठा करून बघितला. पाठीवर आकडे. इंग्रजी तोफांवर वजन तीन आकड्यांत कोरलेलं असतं, हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड. पहिला 31 स्पष्ट होता. चार क्वार्टरचा एक हंड्रेडवेट, म्हणून मधला 0 ते 3 यातलाच असू शकतो, मला तो कधी 2 वाटतो कधी 3. तिसरा चिखलात. रविवारी एकटाच गेलो, एका कोपऱ्यातला रंग काढला, टॉर्च आडवा धरून बघितलं, बोट फिरवलं, काही नाही. गुळगुळीत. ओतीव लोखंड ओल्या मातीत वर्षानुवर्षं राहिलं की वरचा थर मऊ पडतो, खुणा दिसतात पण त्या त्या मऊ थरातच असतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नव्हतं कुणाला.

1686 ला विजापूर घेतल्यावर औरंगजेबाने मलिक-ए-मैदानवर आपला मजकूर कोरून घेतला, तो आज वाचता येतो. तिला 1854 ला लिलावात 150 रुपयांची बोली आली होती आणि ऐन वेळी एका साहेबाने विक्री थांबवली, ही गोष्ट मी पूर्वी फार रंगवून सांगायचो, बघा आपल्या वारशाची किंमत वगैरे. हल्ली नाही सांगत. विकायला निघालेल्याला निदान माहीत होतं की आपण विकतोय.

पण थांबा, मोहिमा चूक असं मी म्हणत नाहीये. आम्ही काढली नसती तर ती चिखलातच राहिली असती, किंवा रात्रीत भंगारवाल्याकडे गेली असती, तसंही झालंय. तेव्हाचा मी असता तर आत्ताच्या मला म्हणाला असता, घरात बसून फोटो मोठे करण्यापेक्षा पहार धर. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. आणि त्या तोफेजवळ आता शाळेच्या सहली थांबतात, हेही खरंय.

यंदा शेजारच्या बुरुजाखाली अजून एक सापडलीये. पोरांना म्हटलं, ब्रश लावू नका, आधी अंधारात टॉर्च आडवा धरून सगळ्या बाजूंनी फोटो काढा, जाणकाराला दाखवा, महिनाभर थांबा. ते म्हणाले काका, तारीख ठरलीये, पत्रिका छापून झाल्यात. गाड्याच्या लाकडाला पाच हजार पाठवले मी. गेलो नाही.