बटण नसलेली वस्तू

विज्ञान संग्रहालयाच्या दारातून वर्ग आत शिरतो तो जोडीजोडीने, हात धरून. दहा पावलांवर पहिलं बटण दिसतं आणि रांग संपते. बटण कशाचं आहे ते कोणी वाचत नाही. दाबायचं, काही पेटतंय-फिरतंय का बघायचं आणि पुढचं गाठायचं. पाट्या वाचतो आम्ही शिक्षक, त्याही अर्ध्याच. एक डोळा मुलांवर ठेवावा लागतो ना!

स्थिर वीज साठवणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे व्हॅन डी ग्राफच्या, चकचकीत गोळ्यापाशी मात्र शिस्तीत रांग होती. त्यावर हात ठेवला की प्रत्येक केसावर सारखाच विद्युतभार जमतो आणि केस एकमेकांपासून लांब पळतात. घट्ट दोन वेण्यांची एक मुलगी हात ठेवून उभी राहिली, तर कपाळावरच्या चार बटा तेवढ्या उठल्या. ती खाली उतरली, वेण्या सोडल्या आणि मुकाट्याने पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. दुसऱ्या खेपेला तिचं डोकं सूर्यफूल झालं.

पलीकडे समोरासमोर दोन मोठ्या तबकड्या. एकीपाशी कुजबुजलं की हॉलच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्या गोंगाटातूनही, स्पष्ट ऐकू येतं. एवढी सोय हाताशी असताना प्रत्येकजण एकच वाक्य बोलत होता, "ऐकू येतंय का?" आणि पलीकडून, "हो. तुला?"

निघताना डोकी मोजली तर दोन कमी.

दोघं सापडले लोलकापाशी. तिथे बटण नाही, म्हणून गर्दीही नाही. उंच छतापासून लोंबणारा जड गोळा संथपणे झोके घेतो आणि खाली गोलाकार खुंट्या मांडलेल्या. फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने 1851 साली पॅरिसच्या पँथिऑनमध्ये 67 मीटर तारेला 28 किलोचा गोळा टांगून लोकांना दाखवलं होतं तेच हे. गोळा आपल्या रेषेत झुलत राहतो, खालची जमीन पृथ्वीबरोबर वळते, म्हणून त्याची रेषाच हळूहळू सरकल्यासारखी दिसते. ध्रुवावर ही फेरी सुमारे 24 तासांत पुरी होईल, विषुववृत्तावर कधीच नाही. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं.

"बाई, थांबा!" दोघंही एकदम म्हणाले.

पैज लागली होती. पुढची खुंटी दहा झोक्यांत पडणार की नाही; हरणाऱ्याने खोडरबर द्यायचं. आठ झाले होते. नवव्याला गोळा खुंटीला चाटून गेला. खुंटी हलली, डुलली आणि तशीच उभी राहिली. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता.

"दहा," मी म्हणाले.

नाही पडली. खोडरबर या खिशातून त्या खिशात गेलं. अकराव्याला पडली, तेव्हा हरलेला माझ्याकडे असा बघत होता की जणू पृथ्वीला उशीर माझ्यामुळे झाला.