फिनिशरमध्ये मका मिसळताय?

फिनिशर, म्हणजे ब्रॉयलर कोंबड्यांना विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यात देतात ते खाद्य, महाग म्हणून त्यात मक्याचा भरडा मिसळला जातो. हिशेब बघा: २० टक्के प्रथिनांच्या ८० किलो खाद्यात ९ टक्क्यांचा २० किलो मका घातला, की प्रथिने १७.८ टक्क्यांवर येतात. शिवाय मक्यात लायसिन (प्रथिनांचा घटक असलेलं एक अमिनो आम्ल) कमी, आणि छातीचं मांस भरतं ते लायसिनवरच. ऊर्जा मात्र वाढते. पक्षी काट्यावर बरा दिसतो, पण कापल्यावर पोटात चरबीचा गोळा! ज्वारीचंही तेच.

उलट टोकही नको. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात प्रथिनांसाठी जादा सोयापेंड घातली तर ती पचवताना अंगात उष्णता वाढते, जास्तीचा नायट्रोजन विष्ठेतून जातो, लिटर (शेडमधलं भुशाचं अंथरूण) ओलं होऊन अमोनिया सुटतो. त्यापेक्षा लायसिन-मिथिओनिन या अमिनो आम्लांचा तोल सांभाळा आणि खाद्य पहाटे नि रात्री द्या.