वृत्तांत कुठाय?

जून लागला की मला अजून वविची दवंडी ऐकू येते. ववि म्हणजे वर्षाविहार, मायबोली या मराठी संकेतस्थळावर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मायबोलीकरांची दरवर्षीची पावसाळी सहल. शाळेचं गॅदरिंग, वाड्यातला गणपती आणि ऑफिसची पिकनिक एकत्र कालवल्यावर जे होईल, ते. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचं खरं नाव आपल्याला माहीत नसायचं, पण तिच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं ते बरोबर माहीत असायचं.

मायबोली सुरू झाली १९९६ च्या गणेश चतुर्थीला. अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी ती सुरू केली, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर मराठी उमटवणं हीच मुळात करामत होती. मी तिथे बऱ्याच उशिरा पोचले, तरी देवनागरीची झटापट संपलेली नव्हती. रोमन अक्षरांत लिहायचं, मजकुराभोवती महिरपी कंस घालायचे आणि कंसाच्या आधी 'देव' अशी खूण करायची. देव आणि कंस एकाच ओळीत सुखानं नांदायचे! कंस मिटायला विसरलात की सगळं मुसळ केरात. एवढ्या खटाटोपानं लिहायचं म्हटल्यावर सकाळी उठून नुसतं 'सुप्रभात' लिहायला कोण जातंय?

तर ववि. जुलैतला एखादा रविवार ठरायचा, पण धामधूम दीड-दोन महिने आधीपासून. संयोजक मंडळी आपल्या सुट्ट्या घालवून जागा बघून यायची. मुंबईकर आणि पुणेकर दोघांनाही गैरसोयीची वाटली की जागा बरोबर निवडली असं समजायचं. बहुतेकदा कर्जत-खोपोलीकडचं एखादं रिसॉर्ट. मग सांस्कृतिक समिती, जिला सगळे 'सांस' म्हणत, खेळ आणि कोडी ठरवायला बसायची. दर वर्षी टीशर्ट निघायचा. त्याच्या किमतीत थोडी देणगी धरलेली असे आणि ती रक्कम एखाद्या सामाजिक संस्थेला जायची. टीशर्टवरच्या ओळीवरून कवींमध्ये जुंपायची, आणि 'एक्सेल म्हणजे नक्की केवढा' या विषयावर तर दोन दिवस खल चालायचा. पैसे भरायच्या निमित्तानं एखाद्या बागेत गटग, म्हणजे गेट-टुगेदर. तिथे भेळ.

सहलीच्या दिवशी पहाटे बस निघायची. मी तिखटमिठाच्या पुऱ्या करून न्यायचे, त्या बहुतेक द्रुतगती मार्ग लागायच्या आतच संपत. मुंबईची बस आधी पोचलेली असली तर पुणेकरांना टोमणे, आणि पुण्याची आधी पोचली असली तरी पुणेकरांनाच टोमणे. नाश्ता झाला की ओळखपरेड. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला गृहस्थ उभा राहून गंभीर चेहऱ्यानं एका फळभाजीचं नाव सांगायचा आणि टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. कारण त्या नावानं त्यानं वर्षभर काय काय लिहिलंय, ते सगळ्यांनी वाचलेलं असायचं.

एका वर्षी ठाण्याहून एक बाई पहिल्यांदाच आल्या होत्या. त्या कायम 'रोमात' असत. रोम म्हणजे रीड ओन्ली मोड, नुसतं वाचायचं, लिहायचं काही नाही. मी माझं टोपणनाव सांगितलं तशा त्या म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही होय! लेक आता नववीला असेल ना? तिला पाण्याची भीती वाटायची." मी हे लिहिलं होतं चार वर्षांपूर्वी, कुठल्या तरी गप्पांच्या ओघात, एका ओळीत. मला धड उत्तर सुचेना. नुसतं बोट दाखवलं. लेक समोरच्या तलावात डुंबत होती. त्या बाई काठापर्यंत गेल्या आणि बराच वेळ तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

खरा ववि सुरू व्हायचा सोमवारी. वृत्तांत! रविवारी रात्री आपण ओले कपडे वाळत घालत असायचो, तोवर इकडे अमेरिकेतली, आखातातली मंडळी जमून 'वृत्तांत कुठाय?' म्हणून तगादा लावायची. मग एकेक जण लिहायला लागे. कुणी पाच ओळी लिही, कुणी नमनालाच घडाभर तेल घाली. मुंबईच्या बसमध्ये काय झालं ते पुणेकरांना तेव्हा कळायचं. एकाच अंताक्षरीचे तीन निकाल लागायचे. "मी घसरले नव्हते, मला ढकललं" असे खुलासे यायचे. हे पुरतं निवायला नारळी पौर्णिमा उजाडायची.

सगळं गोडच होतं असं मात्र नाही. कंपूबाजी होती. नव्या माणसाला ओसरीवर ताटकळत ठेवल्यासारखं वाटे, आणि शुद्धलेखनावरून कुणाला इतकं झोडपलं जाई की बिचारा पुन्हा फिरकत नसे. त्या झोडपण्यात मीही होते, हे कबूल करायला हवं.

आता आमचा फोनवर ग्रुप आहे. त्याला नावं ठेवणार नाही. मागे एकाला मध्यरात्री रक्त हवं होतं, अर्ध्या तासात तीन जण दवाखान्यात हजर झाले. जुन्या व्यवस्थेत हे जमलं नसतं. पण गेल्या पावसाळ्यात आम्ही जुने दहा-बारा जण मुळशीकडे जमलो. भजी तळून व्हायच्या आत भज्यांचे फोटो सगळीकडे पोचले होते. बदाम आले, अंगठे आले, "मिस करतेय" आलं. संध्याकाळी घरी येऊन लिहायला बसले, तर सांगायचं काही शिल्लकच नव्हतं. सकाळी ग्रुप उघडला तेव्हा मुळशी वर कुठे तरी गेली होती आणि खाली लिंबूपाण्याचे फायदे होते.

मायबोली अजून चालू आहे. परवा माझा एक जुना वृत्तांत शोधून काढला. शुद्धलेखनाच्या चुका माझ्याच, त्यामुळे कुणाला झोडपता येईना. वाचत वाचत तळाशी गेले, तर तिथे एक प्रश्न पडून होता. वृत्तांतानंतर नऊ वर्षांनी विचारलेला, आणि विचारूनही दोन वर्षं झालेली. "मी तेव्हा टेक्सासमध्ये होते, नुसती वाचत असे. त्या बसमधल्या पुऱ्यांत ओवा घातला होता का?"

घातला होता, लिहिलं मी. आणि चमचाभर तीळ.