डिव्हिजन थ्रीचा सॉकर आणि साताऱ्याचे घर

न्यू जर्सीत शिकलेली माझी मुलगी आता एका लहान कॉलेजच्या डिव्हिजन थ्री (अमेरिकेतील कॉलेजांच्या क्रीडास्पर्धांचा तिसरा विभाग) संघात सॉकर, म्हणजे फुटबॉल, खेळते. या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. मदत मिळते ती घरच्या आर्थिक स्थितीवर किंवा अभ्यासातील गुणवत्तेवर. कोचशी पत्रव्यवहार, सामन्यांचे व्हिडिओ, उन्हाळी शिबिरे हे सारे सुरळीत पार पडले. कोचने तिची गुणपत्रिका ॲडमिशन ऑफिसकडे ‘प्री-रीड’साठी, म्हणजे अर्जाआधीच्या प्राथमिक तपासणीसाठी, पाठवली, उत्तर अनुकूल आले आणि तिने ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज करावा, असे त्यांनी सुचवले. असा प्रवेश मिळाला की इतर सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात, म्हणून किती मदत मिळेल याचा अंदाज आम्हाला आधीच हवा होता.

घोडे अडले ते तिथे. सीएसएस प्रोफाइल या आर्थिक मदतीच्या अर्जामध्ये परदेशातील मालमत्ताही दाखवावी लागते, आणि साताऱ्याच्या वडिलोपार्जित घरात माझ्या यजमानांचा व त्यांच्या भावंडांचा सामाईक हिस्सा आहे. वाटणी झालेली नाही, कुणा एकाला ते विकता येत नाही, तरी कॉलेजचे आर्थिक मदत कार्यालय पूर्ण घराचा बाजारभाव आमच्याच नावावर धरून बसले. मिळकत पत्रिकेचे इंग्रजी भाषांतर पाठवले, तर उत्तर दुसऱ्याच व्यक्तीकडून आले आणि तिने पुन्हा तीच मिळकत पत्रिका मागितली. १ नोव्हेंबरची मुदत जवळ येत असताना ‘फाइल तपासणीत आहे’ एवढेच ऐकावे लागणे मला आजही अन्यायाचे वाटते. अखेर मी रेडीरेकनरच्या दराने घराचे मूल्य काढले, आमचा हिस्सा वेगळा मांडला, सर्व भावंडांच्या सह्यांचे पत्र जोडले आणि वरिष्ठांशी थेट बोलण्याची मागणी केली. त्यानंतरच लेखी अंदाज मिळाला. तो आम्हाला परवडणारा होता आणि त्या रात्री मी शांत झोपले.

तेव्हा अशी सामाईक मालमत्ता असेल, तर कागद उन्हाळ्यातच गोळा करावेत. कॉलेजच्या संकेतस्थळावरील खर्चाच्या गणकयंत्रावर अशा वेळी विसंबू नये. आणखी एक आठवले: ‘आमचा पाठिंबा आहे’ असे कोच म्हणतात, तेव्हा ते ॲडमिशन ऑफिसला नेमके काय कळवणार आहेत आणि मुलीच्या जागेवरच्या किती खेळाडू त्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणार आहेत, हे स्पष्ट विचारावे. मदतीचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. मात्र ती मदत खेळाशी बांधलेली नसल्यामुळे दुखापत झाली किंवा मुलीने संघ सोडला, तरी त्या कारणाने ती बंद होत नाही.