तुम्ही विचारलंत म्हणून : बाहीखालचं घड्याळ

"ताई, एवढं महागाचं घड्याळ घेतलंत आणि त्यावर बाही ओढून पळता?"

हा प्रश्न मला रविवारच्या लाँग रनला विचारतात, पुण्याजवळचा बोपदेव घाट चढून वर चहाला थांबलो की विचारतात, तलावावर कपडे बदलताना विचारतात. नवे लोक कुतूहलाने, जुने चेष्टेने. सासूबाईंनी एकदाच विचारलं, "त्यात वेळ तरी बघतेस का गं?" आजवर मी थातूरमातूर उत्तरं दिली. ऊन लागतं, पट्ट्याचा वळ उठतो, काचेवर ओरखडे पडतात. आता एकदाच काय ते सांगून टाकते.

आधी एक, मी घड्याळाच्या विरोधात नाही. हे सांगावं लागतं, कारण बाही दिसली की एका जातीचे लोक लगेच पाठ थोपटायला येतात: "बरं केलंत, शरीराचं ऐकावं. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं सलग करायची शर्यत, झाली, १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. कुणाच्या मनगटावर जीपीएस होतं?" नव्हतं, कारण जीपीएसच नव्हतं. ती शर्यत १८ फेब्रुवारीला झाली आणि जीपीएसचा पहिला उपग्रह वर गेला २२ फेब्रुवारीला. चार दिवसांनी! मिळालं असतं तर त्या पंधरा जणांनी पहाटे उठून चार्ज करून बांधलं असतं, याबद्दल मला शंका नाही. असल्या लोकांच्या पाठीवर हात ठेवून 'निसर्गाकडे परत' वगैरे म्हणायची माझी इच्छा नाही. माझं घड्याळ बाहीखाली चालूच असतं. सगळं मोजत असतं.

दुसऱ्या जातीचे लोक समजतात की मला त्याचे आकडे खोटे वाटतात. तसंही नाही. ते कुठे गडबडतं हे मला पाठ आहे. तलावात त्याला उपग्रहाचा उपयोग नसतो; तलावाची लांबी आपण सांगायची आणि भिंतीला पाय मारून सुटतानाच्या झटक्यावरून ते लेंग्थ मोजतं. आमच्या २५ मीटरच्या तलावात सकाळच्या बॅचला दोन काकू मधल्या लेनमध्ये गप्पा मारत ब्रेस्टस्ट्रोक करतात. त्यांच्यासाठी थांबून पुन्हा सुटले की घड्याळ मला एक लेंग्थ बक्षीस देतं. समुद्रात सिग्नल पाण्याखाली पोचत नाही, म्हणून फ्रीस्टाइलमध्ये हात बाहेर येतो तेवढ्यात त्याला जागा पकडावी लागते. काही जण तर घड्याळ काढून कॅपखाली डोक्यावर ठेवतात, अंतर बरं येतं. धावताना ठोके मोजणारा मनगटाखालचा हिरवा दिवा कधीकधी ठोके सोडून पावलंच मोजत बसतो. मिनिटाला १७२ पावलं पडत असली की हृदयही १७२. छातीला पट्टा बांधावा, तर त्याचा सिग्नल पाण्यातून मनगटापर्यंत येत नाही. हे सगळं माहीत आहे आणि यातल्या कशाचाही मला राग नाही.

मग राग कशाचा आहे?

गोव्याच्या हाफ आयर्नमॅनचं सांगावं लागेल. मिरामारचा किनारा, १.९ किलोमीटर समुद्र, ९० सायकल, २१.१ धावणं, एकूण मर्यादा साडेआठ तास. सुरुवात रोलिंग: रांगेतून थोडे थोडे लोक पाण्यात सोडतात, आणि घोट्याची चिप चटईवरून गेली की ज्याची त्याची वेळ सुरू होते. त्यामुळे मर्यादाही ज्याची त्याची. वाटेत कुठे घड्याळ दिसलं तरी ते तुमचं नसतं.

वळणाच्या बोयाशी, म्हणजे पाण्यावरच्या तरंगत्या खुणेशी, नेहमीची मारामारी. कुणाचा तरी हात मनगटावर बसला, तसे दहा जणांचे बसतात. मी पोहत राहिले. बाहेर येऊन वाळूवर पळता पळता पाहिलं तर १६ मिनिटं आणि काही सेकंद. थांबलेलं. त्या हाताने स्टॉपचं बटण दाबलं होतं.

"लॉक का नाही केलंस?" हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. बटणं लॉक केली की टी-वनला, म्हणजे पोहण्यावरून सायकलकडे जाताना, ओल्या, सुरकुतलेल्या बोटाने बटण दाबून धरायचं, ते उघडेपर्यंत वाळूत उभं राहायचं. मला ते नको होतं, अजूनही नको आहे. आणि "घड्याळात किती वाजले ते दिसत नाही का?" दिसतं. पण मी चटईवरून किती वाजता गेले हे मी पाहिलं नव्हतं. कशाला पाहीन? तेच मोजायला तर ते बांधलं होतं.

तंबूत पुन्हा चालू केलं. सायकलवर बसून थोड्या वेळाने पाहते तर १०० मीटरला १३ सेकंद. घड्याळाच्या लेखी मी अजून अरबी समुद्रातच होते आणि ताशी २८ किलोमीटरने पोहत होते. मोठ्याने हसले, शेजारून जाणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. दोनदा बटण दाबून त्याला सायकलवर आणलं. सायकल बरी झाली. धावण्याचा पहिला निम्मा भागही वाईट नव्हता. ऊन होतं, दमट होतं, पण ते सगळ्यांनाच होतं. नंतर पोटऱ्यांना पेटके यायला लागले, आणि साडेपाच किलोमीटर उरले असताना मी पाण्याच्या टेबलापाशी उभी राहून हिशोब करायला लागले.

घड्याळ म्हणत होतं ७ तास १० मिनिटं. अधिक पाण्यात हरवलेली. ती किती? ग्लास देणाऱ्या मुलाला विचारलं, "किती वाजले?" त्याने सांगितलं, तीन वीस. त्याचा मला काही उपयोग नव्हता, पण त्याने इतक्या तत्परतेने सांगितलं की मी थँक्यू म्हटलं. मग मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. पाण्यात किती वेळ होते मी? लाटा आठवल्या, दुसऱ्या वळणावर तोंडात गेलेलं खारं पाणी आठवलं, पुढच्या बाईची गुलाबी टोपी आठवली. वेळ नाही आठवला. पंचेचाळीस मिनिटंही असतील, तासही असेल. हेच अंतर मी सरावात कितीतरी वेळा पोहले होते आणि प्रत्येक वेळी भिंतीला हात लावल्यावर वेळ मनगटावर वाचली होती. वाचायला मनगट नसलं तर माझ्याकडे काहीच नव्हतं.

मी तीस मिनिटं धरली. का तीस? कारण बेरीज सोपी होती. म्हणजे ७:४०, हातात ५० मिनिटं, साडेपाच किलोमीटर. किलोमीटरला नऊ मिनिटं पुरतात. थोडी शिल्लक ठेवू म्हणून किलोमीटरला ८:२० धरलं, थोडं पळत थोडं चालत. आणि तो वेग घड्याळ अगदी बरोबर दाखवत होतं, मी अगदी बरोबर पाळला. वाटेत एका बाईंना धीरही दिला, "आरामात, वेळ आहे." त्या कोण होत्या, कधी पोचल्या, माहीत नाही. शेवटच्या किलोमीटरला तर मी कमानीखाली फोटो कसा येईल याचा विचार करत होते.

हरवलेली मिनिटं ३८ होती. माझी वेळ ८ तास ३४. निकालात नावासमोर डीएनएफ, म्हणजे 'शर्यत पूर्ण नाही'.

किलोमीटरला ७:३८ च्या वेगाने गेले असते तर जेमतेम आत आले असते. पेटके असूनही जाता आलं असतं का? मला वाटतं, आलं असतं. नवरा म्हणतो, "वाटतं म्हणजे काय, आलंच असतं." हे सांत्वन आहे की आरोप, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

संध्याकाळी ग्रुपवर पहिला मेसेज आला तो "ताई, घड्याळाची फाइल टाका ना." दुसऱ्या दिवशी आमच्या कोच सरांनी फाइल पाहिली आणि म्हणाले, तुटलेली आहे, यावरून काही सांगता येणार नाही. त्यांचं बरोबर होतं. पण मी समोर बसले होते. मी तुटलेली नव्हते. पाण्यात कसं वाटलं, पाय कधी गेले, कुठे घाबरलीस, असं कुणी विचारलं नाही. आता खरं सांगायचं तर, विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? गुलाबी टोपी?

म्हणून बाही. घड्याळ बघितल्याने माझं नुकसान होतं म्हणून नाही, तर आधी आतून काय उत्तर येतं ते ऐकायचं असतं म्हणून. घरी आल्यावर वहीत लिहिते: किती वेळ, किती अंतर, किती जड गेलं. मग बाही वर. जड किती गेलं याला मी बोर्गची ६ ते २० ची जुनी मोजपट्टी वापरते. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची. ती ६ पासून का सुरू होते, तर दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाच्या ठोक्यांच्या जवळपास आकडा यावा म्हणून. ६ म्हणजे ६०, २० म्हणजे २००. आमच्या वयाला गुणाकार तितका जमत नाही. पण माणसाला विचारूनही ठोके कळू शकतात असं कुणाला तरी वाटलं होतं, हे मला आवडतं.

आता माझ्याच जुन्या रूपाला काय सांगू? ती ग्रुपवर नव्या मुलींना लिहायची, "मोजणार नाही तर सुधारणार काय?" ती वेताळ टेकडीच्या चढावर, धावता येत असताना, चालायची. जास्तीत जास्त ठोके २२० वजा वय म्हणजे १७३, त्याचे ७० टक्के म्हणजे १२१ ही मर्यादा, आणि मनगट १२२ म्हणतंय म्हणून. हे सूत्र माणसागणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, हे तिने वाचलेलं होतं. तरी चालायची. तिचा मला संताप येतो. पण ती म्हणेल, मीच तुला १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं या ऑलिम्पिक अंतरावरून इथपर्यंत आणलं, तेही गुडघे शाबूत ठेवून. माझ्याआधी तू दर रविवारी जोरात पळायचीस आणि दर सोमवारी लंगडायचीस. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

नवऱ्याचा मुद्दा तर आणखी साधा आहे: घड्याळ थांबलं नसतं तर तू वेळेत पोचली असतीस, म्हणजे इलाज लॉक आहे, बाही नाही. गणिताने तो बरोबर आहे. मी त्याला म्हणते, मग पुढच्या वेळी बॅटरी गेली तर? तो म्हणतो, चार्ज कर. या संभाषणातून आम्ही कधीच पुढे गेलेलो नाही.

बाहीचा फायदा झाला का, हेही विचारता. धावण्यात झाला. सपाट रस्त्यावर माझा अंदाज आता थोडाच चुकतो, विद्यापीठातल्या झाडांखाली मनगटावरचा चालू वेग उड्या मारतो तेव्हा तर माझाच बरा असतो. सायकलवर नाही झाला; समोरून वारा असला की मला सगळंच तासभर वाटतं. पोहण्याचं काही खरं नाही. मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर सरावाला गेले तेव्हा पुन्हा तेच, पाण्यातून बाहेर आले आणि डोक्यात वेळेच्या जागी नुसता समुद्र. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच येत नाही. शिवाय मी फार शुद्ध आहे असंही समजू नका. इंटरव्हलच्या, म्हणजे जोरात-हळू आलटून पालटून करायच्या सरावाच्या, दिवशी बाही वर असते. सकाळी झोपेचा आकडा मी चहाच्या आधी बघते आणि तो वाईट आला की थकल्यासारखं वाटायला लागतं, आला नसता तर वाटलं नसतं.

पुढच्या शर्यतीत बाही वर की खाली, ते ठरलेलं नाही. सर म्हणतात वर. लॉक मी लावणार नाही, त्यावर कुणी बोलू नका. एक बदल मात्र केलाय: पाण्यात उतरायच्या आधी किती वाजले ते कुणाला तरी मोठ्याने विचारते, सरावालाही. आमच्या तलावावरचा जीवरक्षक आधी माझ्या मनगटाकडे बोट दाखवतो आणि मग वेळ सांगतो.