बत्तीस तासांचं गणित

नर्सिंग अर्ध्यात सोडून घरी आलेल्या मुलीबद्दल विचारलं की कोल्हापूर जिल्ह्यात चंदगडपासून शाहूवाडीपर्यंत उत्तर एकच: "तिचं मन लागलं नाही." मन लागलं नाही हे खरंच असतं, पण ते शेवटचं कारण. त्याच्या आधीची कारणं हजेरीपुस्तकात सापडतात. आधी दोन दिवस कोरे, मग चार, मग सलग पंधरा.

म्हणून सुरुवात हजेरीच्या हिशोबापासून. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात नर्सिंग फाउंडेशन या एका विषयाला वर्गातले १२० तास, लॅबचे ८० आणि वॉर्डातले १६० तास आहेत. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. वॉर्डाच्या १६० तासांचे ८० टक्के म्हणजे १२८, म्हणजे हातात उरले ३२ तास. ड्युटी सहा तासांची धरली तर जेमतेम पाच दिवस. दिवाळीला गावी गेलेली मुलगी दोन दिवस उशिरा आली आणि पुढच्या महिन्यात तीन दिवस तापानं पडली, की गंगाजळी संपली. बहुतेक पालकांना वाटतं, डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलं की काम भागलं. भागत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात गैरहजेरीचं कारण काहीही असो, ८० टक्के म्हणजे ८० टक्केच. शिवाय पदवी मिळण्याआधी वॉर्डातले राहिलेले तासही पूर्ण भरून द्यावे लागतात, तिथं १०० टक्के.

यात बिघडतं ते असं. पाच दिवस बुडाले की मुलगी ट्यूटरच्या समोर जायला घाबरते, त्या भीतीनं आणखी आठ दिवस घरी राहते. पाच दिवस भरून काढता आले असते. तेरा दिवसांना मात्र सत्राच्या वेळापत्रकात जागाच उरत नाही. परत आल्या दिवशीच क्लास कोऑर्डिनेटरकडे लेखी अर्ज देऊन जादा ड्युटी मागावी, कुठल्या वॉर्डात, किती तास, कोणत्या तारखांना, हे त्यावर लिहून घ्यावं. आणि प्रत्येकीनं स्वतःची एक छोटी वही ठेवावी: तारीख, वॉर्ड, तास, इन-चार्ज सिस्टरची सही. दर शनिवारी ती कॉलेजच्या रजिस्टरशी ताडून बघावी. आयत्या वेळी वॉर्ड बदलून दिला की त्या दिवसाची हजेरी कुठंच न लागण्याचे प्रकार नेहमीचे आहेत, आणि सत्र संपल्यावर त्याचा पुरावा कुणाकडेच नसतो.

मुळात पहिली दांडी का पडते? बहुतेक वेळा पहिल्या पोस्टिंगमुळे, म्हणजे वॉर्डात लागलेल्या पहिल्या ड्युटीमुळे. सकाळच्या ड्युटीला पोचायचं म्हणून होस्टेलची मुलगी चहावर निघते, मेसचा नाष्टा तोवर झालेला नसतो. त्यात तासभर एका जागी उभं राहून बेडसोरचं, म्हणजे पडून राहून झालेल्या जखमेचं, ड्रेसिंग बघायचं. वास, उकाडा, रिकामं पोट. चक्कर येते, मुलगी खाली बसते, मागच्या मुली हसतात. दुसऱ्या दिवशी "पोट दुखतंय." हा घाबरटपणा नव्हे. पहिल्या आठवड्यात हे भल्याभल्यांचं होतं. रात्रीच दोन केळी किंवा शेंगदाण्याचा लाडू उशाशी ठेवावा, निघताना खावा, वर ग्लासभर पाणी प्यावं. उभं असताना गुडघे ताठ न ठेवता पोटऱ्या हलवत राहाव्यात. डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथंच खाली बसावं. पडून डोकं फुटण्यापेक्षा ते बरं.

बेडपॅनचं दुःख वेगळं. ते मुलीला कमी आणि गावाला जास्त. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात पेशंट बघायला आलेला भावकीतला कुणीतरी तिला बेडपॅन नेताना बघतो आणि गावात जाऊन सांगतो. घरात ठिणगी पडायला तेवढं पुरतं, त्यात एखादं स्थळ आलेलं असेल तर विचारूच नका. पहिल्या वर्षी रुग्णाची स्वच्छता, स्पंज बाथ, बेड मेकिंग हेच शिकवतात, कारण रुग्णाच्या पाठीची कातडी लाल झालेली अंग पुसणारीलाच आधी दिसते. हे घरच्यांना प्रवेशाआधीच सांगितलेलं असलं म्हणजे भावकीची बातमी शिळी होते.

सुई टोचण्याची भीती मात्र गंभीरपणे घ्यायची गोष्ट आहे. वापरलेली सुई टोचली की बऱ्याच मुली बोलतच नाहीत. ओरडा खावा लागेल म्हणून गप्प राहतात, रात्रभर मोबाईलवर एचआयव्हीबद्दल वाचतात आणि आठवड्यानं बॅग भरतात. टोचल्यावर जखम दाबायची नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची, लगेच इन-चार्जना सांगायचं. गरज असेल तर प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं लागतं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिने अशी तीन डोसांत असते, म्हणून पहिला डोस वॉर्डात जाण्याआधीच घेतलेला बरा. सुईला टोपण परत लावायच्या नादात टोचण्याचे प्रकार फार. ते लावूच नये.

मराठी माध्यमातून आलेल्या मुली अॅनाटॉमीला घाबरतात. खरी अडचण शब्दांची असते. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद, आयटिस म्हणजे दाह, एक्टमी म्हणजे कापून काढणं. असे चाळीसेक तुकडे पाठ झाले की पुस्तक उलगडायला लागतं. सलाईनचं गणितही तसंच. ५०० मिली, ८ तास, मिलीला २० थेंबांचा सेट: ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. आणि एखाददुसरा विषय राहिला म्हणून मुलीला घरी बसवू नका. विषय राहिले तरी पुढच्या सत्राला बसता येतं. पाचव्या सत्राच्या परीक्षेआधी मात्र मागचं सगळं सुटलेलं लागतं.

आता पैसा. आपल्या जिल्ह्यात घरात पैसा येतो तो उसाच्या बिलाचा, आणि गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. फी त्याच्या आधी मागतात. हप्ते प्रवेशाच्या वेळीच लेखी मागावेत, जानेवारी आणि एप्रिलच्या तारखा टाकून. नंतर मागितलेली सवलत उपकार ठरते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४ पासून व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही माफी गेली, हे कळेपर्यंत पहिलं वर्ष संपलेलं असतं. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज अडकतात ते बहुधा दोन ठिकाणी: बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं किंवा उत्पन्नाचा दाखला जुना असतो. खोली आणि मेसचा खर्च मात्र फीमाफीत येत नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, ते खेड्यातलं पोर शहरात जेवणाराहण्यावाचून अडतं हे ओळखून. मेसचा हप्ता थकला की आजही मुलगी आधी जेवण तोडते, मग ड्युटी. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज म्हणूनच वेगळा भरावा.

एवढं करूनही सोडायचंच ठरलं, तर राजीनाम्याच्या अर्जावर सही करण्याआधी प्रवेशावेळी दिलेलं हमीपत्र काढून वाचा. त्यात उरलेल्या वर्षांची फी भरण्याचं कलम आहे का, मूळ मार्कलिस्ट आणि एलसी कुणाच्या ताब्यात आहेत, हे आधी बघा. बी.एस्सी. झेपत नसेल तर तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, आहे, आणि ते करून नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. प्राचार्यांकडे जाताना आई किंवा वडील सोबत असावेत, आणि ती सहीची वही हातात.